वस्तीत पिअर म्हणून नवीन लागलात? गिऱ्हाइकाचं नंतर, आधी मालकाचं बघा

टीआयमधे (धंदा करणाऱ्या बायांमधे एचआयव्ही रोखायच्या कार्यक्रमात) पिअर, म्हणजे बायांमधूनच घेतलेली कार्यकर्ती, म्हणून नवीन लागलेल्या ताया हमखास विचारतात की कंडोमचं आता सगळ्या बायांना पाठ झालंय, मग आम्ही वेगळं काय सांगायचं. खरंय ते. सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेने आणि पुढं बायांच्याच वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने हे लावून धरलं, त्यामुळं गिऱ्हाईक कंडोमशिवाय घ्यायचं नाही हे नवीन पोरीलापण आल्याआल्या कळतं. गोची होते ती मालकापाशी. मालक म्हणजे बाईचा कायमचा माणूस, नवऱ्यासारखा, त्याच्यासोबत कंडोम म्हणजे त्याच्यावर संशय, असं बाईलापण वाटतं आणि त्यालापण, आणि आजार नेमका तिथनं आत येतो.

म्हणून महिन्याच्या गप्पांत "कंडोम वापरता का" असं विचारूच नका, उत्तर "हो"च येणार. मालक किती वेळा आला आणि त्यातल्या किती वेळा कंडोम होता, असं वेगळं काढून विचारा. तो समोर बसलेला असताना तर विषयच नको. आणि बाईला आजाराचं कारण पुढं करायला लावू नका, त्यावरून भांडण पेटतं. "पोर राहायला नको, गोळ्या सोसत नाहीत" एवढं बोललेलं बरं पडतं. तो टेस्टला यायला तयार झाला तर त्याच दिवशी घेऊन जा, उद्यावर टाकलं की गेलाच.

डेमो दाखवताना घाई नको. तारीख बघायची, पाकीट चाचपून आत हवा आहे का बघायचं, कंडोम एका बाजूला सरकवून दुसऱ्या बाजूनं हातानं फाडायचं, दातानं नाही. टोक चिमटीत धरून मगच खाली सोडायचं. खोलीत अंधार असतो म्हणून डोळे मिटून एकदा करायला लावा, पोरी हसतात पण हात बसतो. तेल, व्हॅसलीन लावलं की रबर कमजोर होऊन फाटतं, जेली मागून घ्या. एकावर एक दोन घातले तर घासून फाटायची भीती जास्त. पिशवीत कंडोम सापडले म्हणून पोलीस दटावत असतील तर सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मधे सांगितलंय की कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही, हे स्वतः पाठ ठेवा.

फाटलाच तर आत पिचकारी मारून, साबणानं धुवत बसू नका, त्यानं आतली त्वचा सोलते आणि धोका वाढतो. ७२ तासांच्या आत पीईपीच्या (धोका झाल्यावर एचआयव्ही रोखायच्या) गोळ्या सुरू व्हाव्या लागतात, पहिल्या काही तासांत झाल्या तर फार चांगलं, आणि २८ दिवस पूर्ण घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात हे मुख्यतः कर्मचारी आणि जबरदस्तीच्या केससाठी चालतं त्यामुळं कधी कधी टाळतात, म्हणून आयसीटीसीच्या (सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्राच्या) समुपदेशक आधीपासून ओळखीच्या करून ठेवा. प्रेप म्हणजे आधीपासून रोज घ्यायची गोळी पण आहे, पण बाईला ती रोजच घ्यावी लागते, फक्त धंद्याच्या दिवशी घेऊन चालत नाही.

टेस्ट दर ६ महिन्यांनी, सोबत सिफिलिसचीपण. बोट टोचून वस्तीत केलेली तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह आली म्हणजे पक्कं नाही, आयसीटीसीत वेगवेगळ्या किटनं तीनदा बघून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. नुकताच धोका झाला असेल तर निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त राहू नका, ३ महिन्यांनी परत करा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बाईच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट घरवालीला (कोठा चालवणारीला) सांगता येत नाही, घरवाली कितीही मायेची असली तरी. पांढरं जातंय, खाली जखम झालीय, ओटीपोटात दुखतंय, तर मेडिकलवरनं गोळ्या आणू नका, क्लिनिकमधे रंगारंगाची औषधांची किट फुकट मिळतात. अशी जखम असताना एचआयव्ही लवकर लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि पहिली गोळी पोटात गेली, या दोन्हींच्या मधे बाया हरवतात. रडतात, गावाला जातात, देवऋषी करतात, आणि वर्षानं टीबी घेऊन परत येतात. त्यामुळं समुपदेशन झालं की त्याच फेरीत एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं) सोबत जा. पूर्वी सीडीफोर (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी) खाली येईपर्यंत थांबायला लागायचं, २०१७ पासून रिपोर्ट आला की उपचार. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम, यातलं काही असेल तर डॉक्टरला आधी सांगा, कारण टीबी असला तर तो आधी बघावा लागतो, आणि टीबीच्या औषधांसोबत डोसपण बदलतो.

बहुतेकींना टीएलडी (एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी) मिळते, दिवसाला एकच गोळी. वेळ रात्री ९ ची ठरवून दिली तर ती ऐन धंद्याची वेळ, चुकणारच. सकाळच्या चहाची ठेवा, उपाशीपोटी घेतली तरी चालते. दारू प्यायलीय म्हणून आज गोळी नको, हे डोक्यातनं काढा, दारू कमी करायचं नंतर बोलू पण गोळी चुकवायची नाही. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी घ्यायची, नाहीतर असर कमी होतो, हे कुणी नीट सांगतच नाही. बाटली खुळखुळते म्हणून लाजतात, आत थोडा कापूस घाला.

६ महिन्यांनी व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहेत ते बघायची तपासणी) करून घ्यायचाच. तो सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधातून दुसऱ्याला लागत नाही. तरी गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया) आणि दिवस राहणं या तिन्हींसाठी कंडोम चालूच.

सौंदत्तीच्या यात्रेला किंवा गावी जायच्या आधी प्रत्येकीला विचारा, गोळ्या किती उरल्यात. सेंटरवर आधी सांगितलं तर जास्त दिवसांच्या मिळू शकतात. ग्रीन बुक (उपचाराची नोंदवही) सोबत द्यायचं, म्हणजे वाटेत संपल्या तर तिथल्या एआरटी सेंटरला दाखवता येतं. काहीच सुचेना तर एचआयव्ही हेल्पलाइनच्या १०९७ ला फोन करा, फुकट आहे.