ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी खोलायचाय? आधी एवढं जमवा

सगळ्यात आधी बॉक्स कोणत्या जातीचा आहे ते नक्की करा, कारण क्लचचं पेडल नसलं की आपण सगळ्यांनाच ऑटोमॅटिक म्हणतो. ही यादी टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या), चार गिअरच्या जुन्या धाटणीच्या बॉक्ससाठी आहे. एएमटी म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला वर ॲक्चुएटर बसवलेला. त्याचं दुखणं वेगळं. सीव्हीटी ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुल्यांवर चालतो. त्यात पोलादी पट्ट्याला किंवा पुल्यांना चरे पडले की नुसती सीलं बदलून काही होत नाही. ड्युअल क्लचला खास हत्यारं लागतात. या तिघांच्या वाटेला घरी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बॉक्स खरंच गेलाय का, ते बघा. ड्राइव्हशाफ्टचं सील गळून ऑइल कमी झालं तरी इंजिन नुसतं घुमतं आणि गाडी ओढत नाही. तेव्हा पातळी तपासा, स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचा आणि वहीत उतरवून ठेवा, मल्टिमीटरने सोलेनॉइडचा (ऑइलची वाट उघडबंद करणाऱ्या विजेच्या झडपेचा) रेझिस्टन्स मोजून सर्व्हिस मॅन्युअलच्या पुस्तकाशी ताडून बघा. ऑइल काळपट, वास जळका आणि सम्पच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या ताटलीच्या, तळाशी काळा चुरा असेल तर आतल्या क्लचच्या फ्रिक्शन प्लेटा (पकड घेणाऱ्या अस्तरवाल्या चकत्या) जळल्या आहेत, बॉक्स उघडावाच लागेल.

मुंबईत आणखी एक कारण असतं, ते म्हणजे पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. पण तेवढ्याची गरज नाही, हिंदमाताला किंवा मिलन सबवेत गाडी तासभर उभी राहिली तरी पुरतं. ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवेच्या भोकातून) नाहीतर डिपस्टिकच्या नळीतून पाणी शिरतं आणि लाल ऑइलची सोलकढी होते. हे पाणी फ्रिक्शन प्लेटांचं अस्तर सोडवतं. ऑइल दोनदा बदललं, आता गाडी छान चालते, असं सांगणारे भेटतात. पाणी बरेच दिवस आत राहिलं असेल तर त्यावर मी विसंबणार नाही. आणि गाडी पाण्यात गेलेलीच नसताना हा रंग दिसला, तर आधी रेडिएटर बघा. बऱ्याच गाड्यांत ऑइलचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. तो आतून फुटला की कूलंट थेट गिअरबॉक्समध्ये. तो तसाच ठेवून बॉक्स बांधला तर सगळा खर्च पाण्यात.

आता जागा. सगळं घरीच करायचा हट्ट मुंबईत परवडत नाही. बॉक्स सहज साठ-सत्तर किलोचा असतो, पेव्हर ब्लॉकवर गाडी टेकवायच्या घोड्या डगमगतात, आणि सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये आठवडाभर सबफ्रेम मोकळी करून ठेवलेली गाडी कुठलीच कमिटी खपवून घेणार नाही. बॉक्स उतरवणं आणि चढवणं ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या. रॅम्प, चेन पुली, माणसं त्याच्याकडे आहेत. पैसे आधी ठरवा, आणि गाडी तोवर कुठे उभी राहणार हेही. खोलणं-बांधणं मात्र घरी. हे काम ताकदीचं नाही, स्वच्छतेचं आणि सबुरीचं आहे, आणि गॅरेजच्या धुळीपेक्षा तुमची बंद खोली त्याला बरी. उतरवतानाच क्रँकचं मागचं ऑइल सील आणि इंजिन माउंट बघून घ्यायला सांगा, पुन्हा तो योग येत नाही.

काम डिसेंबर ते फेब्रुवारीत धरा. पावसाळ्यात धुतलेल्या स्टील प्लेटांवर रात्रीत तांबेरा धरतो. हिवाळ्यातही धुतलेला भाग लगेच ऑइलचा हात देऊन पिशवीत बंद करा. टेबल भक्कम हवं, उजेड पांढरा, पंखा बंद. धुण्यासाठी रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं, पण खिडक्या उघड्या आणि गॅसची शेगडी लांब. गॅरेजमधला कॉटन वेस्ट घरात आणूच नका. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइल वाटून गिअर बदलणाऱ्या ठोकळ्यात) अडकला की गिअर पडायचा बंद होतो. धागे न सुटणारी फडकी घ्या.

सामान गाडीच्या नावाने मागू नका. बॉक्सच्या कवचावर त्याच्या मॉडेलचा कोड असतो, त्याचा फोटो घेऊन ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे जा. किटमध्ये गॅस्केट, ओ-रिंग, ऑइल सीलं, सीलिंग रिंगा आणि फ्रिक्शन प्लेटा आहेत ना, हे तिथेच उघडून बघा. फिल्टर वेगळा. एखादा ड्रम (क्लचच्या प्लेटा बसतात ते भांडं) किंवा प्लॅनेटरी गिअर खराब निघाला तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या बॉक्समधून मिळवायचा. टॉर्क कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, तो घरी उघडत नाही. प्लेटा जळल्या असतील तर त्यातही चुरा आहे, म्हणून तो दुरुस्तीला द्या किंवा बदला. सर्व्हिस मॅन्युअल हाती नसेल तर इथेच थांबा, कारण कुठल्या क्लचला किती फट ठेवायची हे अंदाजाने ठरत नाही.

हत्यारांसाठी नागदेवीचा बाजार: आतली-बाहेरची सर्क्लिप पक्कड, फट मोजायला फीलर गेज, हालचाल मोजायला डायल गेज, क्लचची स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर, आणि लहान आकड्यांचा टॉर्क रेंच. व्हॉल्व्ह बॉडीच्या बोल्टांना साधारण 10 न्यूटन-मीटर लागतं. मोठा रेंच तिथे आटे काढतो. क्लचचा पिस्टन हलतोय का हे हवेने तपासायचं असतं, त्यासाठी छोटा एअर कंप्रेसर भाड्याने आणा, पण त्यावर पाणी अडवणारा फिल्टर असू द्या, नाहीतर आपल्या दमट हवेतलं पाणी धुतलेल्या बॉक्समध्ये जाईल. तो वाजवायचा दुपारी, आणि खालच्या मजल्यावर आधी सांगून.

पसारा मांडायला ट्रे, मार्कर आणि झिपवाल्या पिशव्या भरपूर. एका वेळी एकच ड्रम खोला, तो बांधून झाल्यावर दुसरा. व्हॉल्व्ह बॉडी उघडताना चेक बॉल (ऑइल एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या गोळ्या) कुठल्या खणात होते त्याचा फोटो आधी. हा फोटो नसेल तर पुढचं सगळं थांबतं. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी बॉक्समध्ये भरायच्या त्याच ऑटोमॅटिकच्या ऑइलमध्ये निदान अर्धा तास, जमलं तर रात्रभर बुडवून ठेवायच्या. बेरिंगा जागच्या जागी धरायला व्हॅसलीन, ग्रीस नाही. व्हॅसलीन ऑइलमध्ये विरघळतं.

चढवायच्या दिवशी गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा. कन्व्हर्टर बॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसल्याशिवाय बोल्ट आवळले तर नवा बांधलेला पंप फुटतो. बसल्यावर तो हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि कवचाच्या कडेपासून मॅन्युअलमध्ये दिलं आहे तितका आत असला पाहिजे. पट्टी लावून मोजा. कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन घ्यायला लावा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच आणि कोरड्या बॉक्सच्या मापाने घ्या, सम्प रिकामा केल्यावर लागतं तेवढ्याने भागणार नाही. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपात जाऊ दे, गटारात नको.

त्याच खरेदीत सम्पचं एक जास्तीचं गॅस्केट आणि तीन-चार लिटर जादा ऑइल घ्या. हजारएक किलोमीटर झाल्यावर सम्प उघडून चुंबक बघायचा असतो. त्यावर बारीक राखाडी लगदा असेल तर तो नव्या प्लेटा बसल्याचा; चमकणारे कण असतील तर बॉक्स पुन्हा खाली.