कमी पैशांत नाटक: तिकीट काढताना

आधी नाट्यगृहाची तिकीट खिडकी गाठा. ऑनलाइन तिकिटावर सुविधा शुल्क लागते आणि त्या शुल्कावर जीएसटी; चौघांच्या कुटुंबाला ते जाणवते. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला मात्र जीएसटी माफ आहे, त्यामुळे कर लावलेला दिसला तर विचारा. खिडकी बहुधा सकाळ-संध्याकाळच उघडी असते, दुपारची खेप फुकट जाते. जाहिरातीत 'बुकिंग सुरू' दिसताच पहिल्या दिवशी जा.

सर्वांत स्वस्त बाल्कनी. तिथे मधल्या खुर्च्या मागा: कडेच्या जागांवरून रंगमंचाची एक बाजू कापली जाते, आणि पहिल्या रांगेत कठडा आड येतो. म्हणून दुसरी किंवा तिसरी रांग उत्तम. ऐकायला कमी येत असेल, तर बाल्कनीपेक्षा खालच्या मागच्या रांगा बऱ्या.

विद्यार्थी किंवा ज्येष्ठांसाठी सवलत निर्माता ठरवतो, नाट्यगृह नव्हे. ती प्रत्येक प्रयोगाला नसते. पैसे देण्यापूर्वी विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा. वीस-पंचवीस जण असाल तर थेट नाटकाच्या व्यवस्थापकाशी बोला, आठवड्यातल्या कामाच्या दिवशीच्या प्रयोगाला दर कमी होण्याची शक्यता जास्त.

राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग तर नाममात्र दरात पाहता येतात. तिथे जाच.