धावणारा क्वार्टरबॅक: दुखापत ओढवून घेणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, स्वतःच चेंडू घेऊन पळतो तेव्हा पहिले पाच-सात यार्ड (एक यार्ड म्हणजे सुमारे ०.९ मीटर) सहसा निर्धोक जातात. समोर मोकळं मैदान दिसलं म्हणूनच तर तो पळालेला असतो. घात होतो शेवटच्या दोन-तीन पावलांत. खाली बसायचं, बाहेर जायचं की भिडायचं, हे तोवर ठरलेलं नसतं आणि समोरचा बचावपटू मात्र ठरवूनच आलेला असतो. कबड्डी पाहणाऱ्याला हे चटकन उमजेल. चढाईतला गडी बऱ्याचदा गुण घेताना सापडत नाही, गुण घेतल्यावर मागे फिरायला उशीर केला की सापडतो.

म्हणून ‘पळूच नकोस’ हा सल्ला मुलं ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये बाल्टिमोरच्या लामार जॅक्सननं २०१९ च्या हंगामात १,२०६ यार्ड धावून क्वार्टरबॅकसाठीचा एका हंगामातला विक्रम केला. त्याचे २०२१ आणि २०२२ चे हंगाम दुखापतीनं लवकर संपले, पण त्या दोन्ही दुखापती लांब धावेत झाल्या नव्हत्या. एकदा चेंडू फेकताना धडक बसून घोटा दुखावला, तर दुसऱ्यांदा चेंडू फेकायच्या आतच तो पकडला गेला आणि गुडघा गेला. पळणं वेगळं आणि बेफाम पळणं वेगळं. खालच्या चुका दुसऱ्या प्रकारातल्या आहेत. अमेरिकेत ज्यांचा मुलगा हाय स्कूलच्या संघात ही जागा खेळतो, त्या आईवडिलांनी या चुका प्रशिक्षकाइतक्याच लक्षपूर्वक वाचाव्यात.

चूक १: स्लाइड उशिरा सुरू करणं

स्लाइड म्हणजे धडक टाळायला पाय पुढे टाकून मुद्दाम घसरत खाली जाणं. सर्वांत जास्त नुकसान ही चूक करते. एनएफएलच्या नियमानं धावपटू पाय पुढे टाकून घसरला की त्याचं अंग जमिनीला टेकताक्षणी चेंडू मृत होतो आणि पुढचा डाव तिथूनच सुरू होतो. टेकल्यानंतर घसरत गेलेलं अंतर मोजलं जात नाही. आणखी एक यार्ड पदरात पडावा म्हणून खेळाडू खाली जाणं लांबवतो, ते यामुळेच. पण बचावपटूनं आधीच झेप घेतली असेल तर नियम त्याला काही सवलत देतो. डोक्याला किंवा मानेला जोरदार धडक दिली नाही, तर दंड होईलच असं नाही. शिट्टी तुमचं रक्षण करील या भरवशावर राहू नका.

गणित साधं आहे. दोघे सेकंदाला ८ यार्ड वेगानं समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातलं ८ यार्डांचं अंतर अर्ध्या सेकंदात संपतं. म्हणजे निर्णय साधारण १० यार्ड अंतर असताना व्हायला हवा आणि ७-८ यार्डांवर अंग खाली जायला लागलेलं हवं. मुलांना वाटतं त्यापेक्षा हे फार लवकर आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये वॉशिंग्टनचा नवखा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन तिसरा अटलांटाविरुद्ध गोल रेषेजवळ पळाला. त्याला खाली जायला उशीर झाला आणि लाइनबॅकरच्या (बचावफळीतल्या मधल्या रांगेतल्या खेळाडूच्या) धडकेनं मेंदूला हादरा, म्हणजे कन्कशन, होऊन तो सामन्याबाहेर गेला. हाच खेळाडू पुढे गुडघ्यानं गेला. त्याची गोष्ट खाली येते.

घसरायची रीत अशी. एक पाय गुडघ्यात दुमडून दुसऱ्या पायाखाली घ्यायचा, दुसरा पुढे सरळ पण गुडघा किंचित सैल. वजन दुमडलेल्या पायाच्या मांडीवर आणि कुल्ल्यावर. हनुवटी छातीकडे ओढलेली, नाहीतर पाठ टेकताना डोकं मागे आपटतं. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी. हात जमिनीला टेकवायचा नाही, कारण मनगट तिथेच मोडतं. पुढच्या पायाची टाच जमिनीत रोवायची नाही. बुटाचे खिळे गवतात अडकले की गुडघा आणि घोटा पिळवटतो.

सराव बूट काढून, मोज्यांवर, ओल्या गवतावर किंवा पाणी मारलेल्या ताडपत्रीवर सुरू करा. आधी चालत, मग अर्ध्या वेगानं, मग पूर्ण वेगानं, आणि शेवटी बूट घालून समोरून फोमचं पॅड घेऊन येणाऱ्या माणसासमोर. आठवड्यातून दोनदा, दर वेळी ६ ते ८ स्लाइड पुरतात. दोन्ही बाजू शिकवा. एकाच पायावर घसरता येणारा खेळाडू उलट्या बाजूनं हल्ला आला की अडखळतो. बेसबॉल खेळलेल्या मुलांना हे उपजत आल्यासारखं वाटतं. रसेल विल्सनला २०१० मध्ये बेसबॉलच्या कोलोरॅडो रॉकीजनं निवडलं होतं, आणि त्याच्या स्लाइडमध्ये ते दिसतं.

आणि हो, खोटी स्लाइड नको. डिसेंबर २०२१ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या केनी पिकेटनं घसरण्याची हूल देऊन ५८ यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोल रेषेपलीकडे नेला. लगेचच कॉलेज फुटबॉलमध्ये अशी हूल दिली की चेंडू मृत, असा अर्थ लावून हा मार्ग बंद करण्यात आला. हूल देणारे वाढले असते, तर खरोखर घसरणाऱ्यालाही बचावपटूंनी सोडलं नसतं.

चूक २: धाव संपायच्या आधी ढिलं पडणं

भिडणं धोक्याचं आहेच, पण अर्धवट थांबणं त्याहून वाईट. सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियानापोलिसच्या अँथनी रिचर्डसननं ह्यूस्टनविरुद्ध धावत टचडाउन केला, पण गोल रेषेशी पोहोचताना वेग कमी केला. तेवढ्यात धडक बसली आणि डोकं मैदानावर आपटलं. निदान कन्कशन. अंग सैल असताना बसलेल्या धक्क्यात मानेचे स्नायू डोकं सावरत नाहीत. गोल रेषेपलीकडे किमान पाच यार्ड पूर्ण वेगानं जायचं, हे सरावातच अंगवळणी पाडा.

साइडलाइनचं, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेचंही तेच. रेषेच्या आत चवड्यांवर तोल सांभाळत यार्ड वेचणारा क्वार्टरबॅक बचावपटूला आयता सापडतो, कारण रेषेच्या आत तो इतरांसारखाच धावपटू असतो. न्यूयॉर्क जायंट्सचा जॅक्सन डार्ट नोव्हेंबर २०२५ मधल्या कन्कशननंतर परतला, आणि परतल्या सामन्यातच न्यू इंग्लंडच्या ख्रिश्चन एलिसनं त्याला साइडलाइनलगत उडवलं. ती धडक नियमात बसणारी होती. बाहेर जायचंच असेल तर रेषेच्या तीन यार्ड आधी ठरवा, तिरकं जा आणि बाहेर गेल्यावरही दोन-तीन पावलं पुढे पळा.

चूक ३: डोकं खाली घालून भिडणं

मानेच्या मणक्यांना नैसर्गिक बाक असतो आणि तो धक्का पचवतो. डोकं साधारण ३० अंश पुढे झुकलं की तो बाक सरळ होतो. मग हेल्मेटच्या टाळूवर बसलेला सगळा जोर सरळ मणक्यांच्या रांगेत उतरतो. पक्षाघातापर्यंत नेणाऱ्या इजा या स्थितीत होतात. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आत मेंदू हलायचा थांबत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये मायामीचा टुआ टॅगोवायलोआ चौथ्या डाउनला (१० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला) ४ यार्ड हवे असताना पळाला आणि खाली न बसता डोकं पुढे करून बफेलोच्या डमार हॅमलिनला भिडला. कन्कशनचा त्याचा इतिहास सर्वांना ठाऊक होता. पुढचे चार सामने तो बाहेर होता. चौथ्या डाउनला खेळाडूला थांबायला सांगणं अवघडच असतं. त्यामुळे अशा वेळी क्वार्टरबॅकच्या पायांवर विसंबणारा डाव पुकारायचा की नाही, ही जबाबदारी प्रशिक्षकाची.

भिडणं अटळच असेल तर नजर वर, छाती उघडी नाही, समोरच्याच्या एका खांद्याच्या बाहेरची बाजू धरायची आणि वळत पडायचं. तिरकी धडक समोरासमोरच्या धडकेपेक्षा कमी जोराची असते.

चूक ४: पडायला न शिकवणं

सरावात क्वार्टरबॅकला लाल जर्सी असते, म्हणजे त्याला कुणी हात लावायचा नाही. योग्यच आहे. पण त्यामुळे तो पडायला कधी शिकतच नाही. शिवाय शाळेत सर्वांत वेगवान असलेल्या मुलाला कुणी पकडलेलंच नसतं. पहिला खरा धक्का मग सामन्यातच बसतो.

दंड अंगाशी धरून खांद्याच्या टोकावर पडलं की खांद्याच्या पात्याचं हाड आणि कॉलरबोन यांच्या सांध्याची लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारे पट्टे) फाटतात. रिचर्डसनचा पहिला हंगाम ऑक्टोबर २०२३ मध्ये फेकण्याच्या हाताच्या याच सांध्यानं संपवला, चार सामन्यांत. याउलट हात ताठ पुढे टेकला की मनगट किंवा कोपर जातं. गादीवर गुडघ्यांवरून, मग उभ्यानं, खांद्याच्या मागच्या मांसल भागावरून तिरकं लोळायला शिकवा. चेंडू मैदानाच्या बाहेरच्या बाजूच्या हातात, बोटं टोकावर, कोपर बरगड्यांना चिकटलेलं.

चूक ५: धावफलक न बघणं

वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सचं डावं कोपर २ नोव्हेंबर २०२५ रोजी निखळलं तेव्हा त्याचा संघ सिॲटलविरुद्ध ७-३८ असा मागे होता आणि चौथा क्वार्टर चालू होता. त्या यार्डांना काही किंमत नव्हती. मुद्दाम आखलेल्या धावा सामन्यात किती, हे आधीच ठरवा, आणि सामना हातातून गेला किंवा पक्का जिंकला की तो आकडा शून्य करा.

चूक ६: दुखणं लपवून खेळणं

ग्रिफिनच्या उजव्या गुडघ्याचं बाहेरचं लिगामेंट ९ डिसेंबर २०१२ रोजी धावेच्या शेवटी मुरगळलं. एक सामना चुकवून तो परतला. ६ जानेवारी २०१३ च्या प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या) सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये तो गुडघा पुन्हा दुखावला, लंगडत खेळला, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये चुकीचा आलेला चेंडू उचलताना गुडघा मोडून पडला. दोन लिगामेंट फाटली. त्या क्षणी त्याला कुणी धडक दिलेली नव्हती. पहिल्या हंगामात ८१५ यार्ड पळालेला तो वेग पुन्हा तसा दिसला नाही.

धडकेनंतर काय पाहायचं:

डोकेदुखी, गोंधळ, तोल जाणं, प्रकाश न सोसणं: त्या दिवशी खेळ बंद. एक-दोन दिवस हलकी विश्रांती, मग पायरी-पायरीनं परतणं, प्रत्येक पायरीला किमान २४ तास, म्हणजे आठवडाभर तरी. लक्षण परतलं की एक पायरी मागे. पुन्हापुन्हा उलटी, वाढती गुंगी किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या तर थेट इमर्जन्सी.

गुडघ्यात ‘टक्’ आवाज आणि काही तासांत सूज: गुडघ्यातलं पुढचं क्रूशिएट लिगामेंट (एसीएल) फाटलेलं असू शकतं. चालता येतंय म्हणून सोडू नका. शस्त्रक्रिया झालीच तर परतायला ९ महिने धरा.

पावलाच्या मधोमध दुखणं आणि तळव्याला काळंनिळं: साधी मुरगळ समजून चालवू नका, वजन टाकून एक्स-रे काढा.

कुशीत मार बसल्यावर लघवीत रक्त: मूत्रपिंडाला इजा असू शकते. इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लकचं मूत्रपिंड नोव्हेंबर २०१५ मध्ये डेन्व्हरविरुद्ध पळतानाच्या धडकेत फाटलं होतं. बरगड्यांचं पॅड हवं ते यासाठीही.

हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या साधारण १ इंच वर बसली पाहिजे आणि डोकं हलवल्यावर कपाळाची त्वचा त्याच्यासोबत हलली पाहिजे. केस कापल्यावर किंवा वाढल्यावर पुन्हा तपासा.