सीएसएस मॉड्यूलला टाइप देताना

सोलापुरात चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानाची साइट धरा. चादरीच्या पानाला 'कार्ड' नावाचा क्लास, टॉवेलच्या पानालाही 'कार्ड'. साध्या सीएसएसमध्ये नंतर लोड झालेला नियम दोन्हीकडे लागतो. फाइलचं नाव 'चादर डॉट मॉड्यूल डॉट सीएसएस' ठेवलं की वेबपॅक या बिल्ड साधनाचा सीएसएस-लोडर क्लासला हॅशचं (आपोआप बनलेलं वेगळं) नाव देऊन तो त्या फाइलपुरताच ठेवतो; अशी फाइल म्हणजे सीएसएस मॉड्यूल. वेबपॅकच्या सेटिंगमधल्या लोडरच्या यादीत स्टाइल-लोडर (सीएसएस पानात घालणारा) आधी आणि सीएसएस-लोडर नंतर लिहा, कारण लोडर उजवीकडून डावीकडे चालतात.

आता ही फाइल कोडमध्ये इम्पोर्ट केली की टाइपस्क्रिप्ट २३०७ क्रमांकाची चूक दाखवून अडतं: मॉड्यूल सापडत नाही. त्यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे एका डी डॉट टीएस फाइलमध्ये (जिच्यात फक्त टाइप लिहिलेले असतात) सगळ्या मॉड्यूल फाइलींसाठी सरसकट घोषणा. त्या फाइलीत वरच्या पातळीवर एकही इम्पोर्ट नको, नाहीतर ती फाइल स्वतःच मॉड्यूल ठरते आणि घोषणा लागू होत नाही.

पण हा उपाय फक्त तक्रार बंद करतो. अशा घोषणेत कुठलंही नाव चालतं. 'किंमत'ऐवजी 'किमत' लिहा, कंपायलर गप्प, आणि पानावर क्लासच नाही.

म्हणून टाइप्ड-सीएसएस-मॉड्यूल्स हे पॅकेज बसवा. त्याची टीसीएम ही आज्ञा प्रत्येक सीएसएस फाइलशेजारी तिच्यातल्या खऱ्या क्लासांची डी डॉट टीएस फाइल तयार करते. काम करताना ती डब्ल्यू (वॉच, म्हणजे बदलांवर लक्ष ठेवण्याच्या) पर्यायाने चालू ठेवा. बिल्डमध्ये टाइप तपासणीच्या आधी एकदा चालवा, नाहीतर जुन्याच नावांवर तपासणी होईल. सरसकट घोषणा काढून टाका. ती राहिली तर एखादी फाइल तयार व्हायची राहिलेली कळणारच नाही. क्लासांची नावं सुचवणारं एडिटरमधलं प्लगइन सोयीचं आहे, पण टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) ते वाचत नाही. बिल्डमध्ये त्याचा भरवसा धरू नका.

सगळ्यात फसवी जागा सीएसएस-लोडर ७ मध्ये आहे. तिथे नेम्ड एक्स्पोर्ट (प्रत्येक क्लास वेगळ्या नावाने बाहेर देणं) आपोआप चालू असतो आणि डीफॉल्ट एक्स्पोर्ट (सगळे क्लास एकाच ऑब्जेक्टमध्ये) मिळत नाही. टाइप मात्र पास होतात, कारण टीसीएमने केलेली फाइल डीफॉल्ट इम्पोर्टला हरकत घेत नाही (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये ईएस मॉड्यूल इंटरॉप चालू असेल तर). मग ब्राउझरमध्ये 'अनडिफाइंड'. एकतर स्टार इम्पोर्ट करा (सगळे क्लास एका नावाखाली घ्या), किंवा सीएसएस-लोडरच्या सेटिंगमधल्या मॉड्यूल्स ऑब्जेक्टमध्ये नेम्ड एक्स्पोर्ट फॉल्स लिहा. दुसरा मार्ग घेतलात तर तिथेच ऑटो ट्रू आणि नावांची पद्धत 'ॲज-इज' (नावं लिहिली तशीच) हेही लिहा. ऑटो लिहायचा राहिला तर साध्या सीएसएस फाइलीही मॉड्यूल होतात, त्यांच्या क्लासांची नावं बदलतात आणि पानावरचे जुने क्लास लागत नाहीत.