तारे आणि दीर्घिका शिकवायच्यात? मग आधी पोरांना अंदाज लावू द्या

पहिल्याच तासाला फळ्यावर शून्यं लिहीत बसू नका. १५ कोटी काय आणि १५०० कोटी काय, पोरांना दोन्ही सारखंच, वहीत उतरवतात आणि विसरतात. त्यापेक्षा एक फुटबॉल आणि एक टेनिस बॉल घेऊन वर्गात जा. फुटबॉल म्हणजे पृथ्वी, टेनिस बॉल म्हणजे चंद्र (साइज साधारण बसते), आणि विचारा, चंद्र किती लांब धरू? बहुतेक जण हातभर अंतर सांगतात, कारण पुस्तकातल्या चित्रात तसंच असतं. खरं उत्तर साडेसहा मीटर, मधे ३० पृथ्व्या ओळीने मावतील एवढं! मग कोणीतरी विचारतंच की सूर्य कुठे. या मापात तो २४ मीटर रुंद गोळा होतो आणि तोही अडीच किलोमीटर लांब, म्हणून इथे स्केल बदलायचं. आणि बदललं की मोठ्याने सांगायचं, नाहीतर सगळी खिचडी होते.

आता १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. सूर्य १४ सेंटिमीटरचा, पुठ्ठ्यातून गोल कापा. पृथ्वी टाचणीच्या डोक्याएवढी, १५ मीटरवर. गुरू गोटीएवढा, ७८ मीटरवर. नेपच्यून साडेचारशे मीटरवर, तिथपर्यंत चालायला जागा नसेल तर नुसतं सांगितलं तरी चालेल.

माझा सगळ्यात आवडता भाग पुढे आहे. या मॉडेलमध्ये प्रकाश सेकंदाला फक्त ३ सेंटिमीटर सरकतो. एका मुलाला पट्टी आणि घड्याळ देऊन सूर्यापासून निघायला सांगा, दर सेकंदाला ३ सेंटिमीटर, मुंगीच्या पावलांनी. पृथ्वीपर्यंत पोचायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात आणि तोवर बाकीचे कंटाळून ओरडायला लागतात, ओरडू द्या, तोच तर मुद्दा आहे. प्रकाशवर्ष हे वेळेचं माप आहे असं निम्म्या वर्गाला वाटत असतं, ते इथे आपोआप सुटतं: याच चालीने वर्षभर सरकत राहिलं की जेवढं अंतर होईल ते एक प्रकाशवर्ष, साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे आपल्या पुठ्ठ्याच्या सूर्यापासून ४००० किलोमीटर. हे सांगून जरा गप्प बसा.

दीर्घिकेसाठी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहासाठी, परत स्केल बदला, १ प्रकाशवर्ष म्हणजे १ मिलिमीटर. आपली दीर्घिका, म्हणजे आकाशगंगा, साधारण १०० मीटरची होते, मैदानावर चुना टाकून गोल काढता येतो. मध्यापासून २६ मीटरवर आपण, आणि सूर्य जेमतेम एका अणूएवढा. आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसणारे बहुतेक तारे आपल्याभोवतीच्या मीटरभर जागेतलेच! शेजारची देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका मात्र अडीच किलोमीटर लांब. ती आपल्या आकाशगंगेतलीच आहे की बाहेरची यावर शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञसुद्धा भांडत होते, १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलना तिच्यात एक रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारा) तारा सापडला, त्यावरून अंतर काढता आलं आणि ती बाहेरचीच ठरली.

हे सगळं झाल्यावर एका रात्री पोरांना बाहेर काढा, अमावस्येच्या आसपास, दिवे नसतील तिथे. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य हे दोन तारे एकापाठोपाठ दाखवा आणि जास्त गरम कोणता ते विचारा, सगळे लाल म्हणतात, खरं तर निळा. देवयानीसाठी साधी दुर्बीण पुरते (दिवसा तीच दुर्बीण सूर्याकडे कोणी वळवणार नाही याची सक्त ताकीद द्या, डोळे जातात). देवयानीकडे थेट न बघता जरा बाजूला बघायला सांगा, मग जास्त नीट दिसते. आणि फोटोतल्यासारखं काही दिसणार नाही, २५ लाख वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशाचा एक पुसट डाग दिसेल, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरांचा हिरमोड होतो.