पट्टी बदलली आणि बोटं अडली

पेटी शिकायला लागून तुम्हाला दोन-तीन वर्षं झाली असतील, भूप, दुर्गा, भीमपलास हाताखालून गेले असतील आणि एखाद्या भजनी मंडळाकडून साथीला बोलावणं यायला लागलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. भाता कसा ओढायचा, बोटं कशी ठेवायची हे मी सांगत नाही, ते तुम्हाला येतं. मला एकाच खड्ड्याबद्दल बोलायचं आहे: पट्टी, म्हणजे सा धरायची जागा, बदलली की बोटं अडतात तो. त्यात मी आठ वर्षं होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, भिंतीपलीकडे कन्नड. वडील यंत्रमागावर होते आणि अम्मा विड्या वळायची. सूप मांडीवर घ्यायचं, तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजाराचा हिशोब पुरा होईपर्यंत हात थांबायचे नाहीत आणि गाणंही थांबायचं नाही. बतुकम्माची, म्हणजे तेलंगणातल्या फुलांच्या सणाची गाणी असायची. ओळ संपली की ‘उय्यालो’, पुढची ओळ संपली की पुन्हा ‘उय्यालो’. सगळी चाल चार-पाच सुरांत फिरायची. एक गोष्ट तेव्हा माझ्या कानांवरून रोज जात होती आणि मी ती ऐकली नाही. अम्मा रोज वेगळ्या पट्टीत गाणं धरायची. सकाळी खाली, दुपारी शेजारणी आल्या की वर. गाणं तेच राहायचं. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मी अकरा वर्षांची असताना वडिलांनी कुणाकडून तरी वापरलेली स्केल चेंजर पेटी आणली. त्या दिवसाचा आनंद अजून अंगावर येतो, म्हणून त्या पेटीला दोष देताना मन कचरतं. पण द्यायलाच हवा. या पेटीत वरची पट्ट्यांची फळी डावीकडे-उजवीकडे सरकते. गाणारा पांढरी चार म्हणाला, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या पट्टीवर सा मागितला, की फळी सरकवायची आणि आपली बोटं होती तिथेच ठेवायची. आवाज पांढरी चारचा निघतो, हात मात्र काळी एकमध्येच वाजवत असतो. क्लासमध्येही आम्ही सगळी मुलं एकत्र, म्हणून सगळं काळी एकमध्ये. मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा मी अशाच चांगल्या मार्कांनी पास झाले. मला वाटायचं, मला भूप येतो. मला भूप येत नव्हता. मला काळी एकचा भूप येत होता.

हा फरक नीट समजून घ्या, कारण तो कळेपर्यंत बाकी सगळा रियाज वाया जातो. काळी एक हा सा धरला तर भूपाचे सा, रे, ग (गंधार), प (पंचम), ध (धैवत) हे पाच सूर असे पडतात: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. चार काळ्या आणि मधे एक पांढरी. हाताला कळतं की गंधाराला खाली उतरायचं आणि पंचमाला पुन्हा वर चढायचं. आता सा पांढरी चारवर न्या. पांढरी चार, पाच, सहा आणि पुढची पांढरी एक, दोन. एकही काळी नाही. सा काळी तीनवर न्या, तर पाचही सूर काळे, एकही पांढरी नाही. राग तोच, सुरांमधली अंतरं तीच, पण हाताखालचा नकाशा तिन्ही वेळा सगळाच बदलला. आपण ज्याला ‘हात बसला’ म्हणतो तो पुष्कळदा या एका नकाशावर बसलेला असतो. सुरांवर बसलेला नसतो. आणि स्केल चेंजर असेपर्यंत हे उघडं पडत नाही, खड्डा असा झाकलेला राहतो.

माझा खड्डा मंगळवेढ्याजवळच्या एका गावात उघडा पडला. तिथे सप्ताह होता. मी एकोणीस वर्षांची, आणि देवळातली पेटी साधी, जुनी, फळी न सरकणारी. पहिला अभंग काळी एकमध्ये झाला. मग गाणारे बुवा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पांढरी चार घ्या.’ वारकरी गायकी चढ्या पट्टीतली, त्यात काही चूक नव्हतं. मी सा दिला. पुढे गंधाराला बोट सवयीने खाली उतरायला गेलं आणि खाली उतरायला जागाच नव्हती. दुसऱ्या ओळीला धैवत चुकला. मृदंगवाल्याने मान वळवून बघितलं. समोर अख्खं गाव बसलेलं. माझी बोटं थंड पडली. बुवांनी अभंग न थांबवता, दोन ओळींच्या मधे हलकेच सांगितलं, ‘पोरी, सा धरून ठेव, बाकीचं आम्ही बघतो.’ मी सा आणि पंचम धरून अर्धा-पाऊण तास बसले. परतीच्या एसटीत रडले.

इथे एक गोष्ट धीर द्यायला सांगते. सा-पंचम धरून बसणं हीसुद्धा साथच आहे. अडलात तर तेच करा. चुकीचा सूर शोधत चाचपडण्यापेक्षा रिकामी जागा गाणाऱ्याला शंभरपट बरी वाटते. त्या रात्री कुणी मला काही बोललं नाही, आणि त्याच बुवांनी पुढच्या वर्षी मला परत बोलावलं.

पण परत जाईपर्यंत मी काय केलं, ते महत्त्वाचं. स्केल चेंजरची फळी मी एका जागी ठेवून दिली आणि चौदा महिने हलवली नाही. भूप, दुर्गा आणि एक साधा अभंग, एवढंच घेतलं. एका आठवड्याला एक पट्टी. आधी साथीला लागणाऱ्या घेतल्या: पांढरी चार, काळी चार, पांढरी पाच, काळी दोन. अवघड वाटणाऱ्या मागाहून. वाजवताना तोंडाने सरगम मोठ्याने म्हणायची, ही अट मी स्वतःला घातली होती. ती तुम्हीही घाला. तोंड ‘ग’ म्हणतं तेव्हा बोटाला गंधारच शोधावा लागतो, ‘पुढची काळी’ शोधून भागत नाही. तिसऱ्या महिन्यात मला वाटलं की जे येत होतं तेही गेलं. काळी एकमध्येसुद्धा हात अडखळायला लागला. घाबरू नका, तसं होतं. जुना नकाशा पुसला जात असतो. सातव्या-आठव्या महिन्यात एक दिवस डोळे मिटून काळी दोनमध्ये वाजवत होते आणि कुठल्या पट्टीत आहे हे मीच विसरले होते. तेव्हा कळलं की आता सुटले.

आता शॉर्टकटबद्दल. पट्ट्या उजळत जाणारे व्हिडिओ बघून गाणी बसवू नका. ते तुम्हाला नकाशाच शिकवतात, आणि तोही एकाच पट्टीचा. की-बोर्डवरचं ट्रान्स्पोजचं बटण म्हणजे माझीच सरकणारी फळी, फक्त विजेवर चालणारी. तंबोऱ्याचं ॲप मात्र खुशाल वापरा, त्याला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. घरोघरी मिरजेचा तंबोरा कुठून येणार? आणि गुरू निवडताना एकच बघा: ते तुम्हाला कार्यक्रमात शेजारी बसवतात का. वर्षानुवर्षं पेटी उचलायला लावून एकदाही वाजवू न देणारे मी पाहिले आहेत. ‘दुसऱ्या कुणाचं ऐकू नका, हात बिघडेल’ असं सांगणारेही पाहिले आहेत. अशांकडून उठा. कान बिघडत नसतात. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात मी मागच्या रांगेत बसून मोठमोठ्या वादकांचे हात बघायचे. पुढे हात बघायचं सोडलं आणि डोळे मिटून ऐकायला लागले, तेव्हा खरं हाताला लागलं.

पेटीच्या मर्यादेबद्दल तुम्हाला कुणीतरी टोचून बोलेलच. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, हे ऐकवलं जाईल. त्या बंदीमागच्या तक्रारीत तथ्य आहे. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हेलकावणारा गंधार किंवा तोडी रागाचा उतरलेला गंधार तर पेटीत नाहीच. म्हणून तिथे बोट उचला. गायिका गंधारावर थांबली की तुम्ही सा धरा, तिच्या गंधाराशी भांडू नका. एवढं केलंत तर कुणी तुमच्या वाद्याला नावं ठेवणार नाही.

खड्ड्याचा दुसरा भाग मला फार उशिरा दिसला, आणि तो जास्त खोल होता. पंचविशीत मी अभंगांना चाली लावायला लागले. दोन वर्षांत अकरा चाली झाल्या. माझ्याबरोबर गाणाऱ्या एका मैत्रिणीने एकदा सरळ विचारलं, ‘ही मागचीच चाल आहे ना?’ मला राग आला. घरी येऊन अकराही ओळीने वाजवून बघितल्या. अकरापैकी सात चालींत मुखडा ‘प ध प’वर टेकत होता. का? कारण मी चाली पेटीवर बसून शोधत होते, आणि सुचायच्या वेळी हात नकळत लहानपणीच्या काळी एककडे जात होता. तिथे पंचम-धैवत म्हणजे काळी चार आणि काळी पाच, शेजारी-शेजारी. बोट आपोआप घसरतं, कानाला गोड वाटतं, आणि आपल्याला वाटतं की काहीतरी सुचलं. सुचलं काहीच नव्हतं. बोटांनी सवय सांगितली होती आणि मी ती प्रेरणा म्हणून लिहून घेतली होती. सात संतांचे सात वेगवेगळे अभंग मी एकाच उतारावरून सोडले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून चाल लावताना मी पेटीला हात लावत नाही. पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालते आणि अभंग नुसता म्हणते. आधी बोलल्यासारखा, मग शब्द जिथे स्वतःहून उंच होईल तिथे सूर. मोठ्या अभंगाच्या ओळीची अक्षरं ६-६-६-४ अशी पडतात. पेटीवर बसले असताना त्या शेवटच्या चार अक्षरांनंतरची मोकळी जागा मी नेहमी तानेने भरून टाकत होते. चालताना म्हटलं तेव्हा कळलं की ती जागा श्वासाची आहे. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात तिथे टाळ एकटे वाजू द्यावेत. चाल सापडली की फोनमध्ये गाऊन ठेवते आणि दोन दिवसांनी पेटीवर बसवते. कुठली पट्टी, ते गाणाराच ठरवेल.

प्रेरणा कुठून येते, असं नवी मुलं विचारतात. मी त्यांना सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत जायला सांगते. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे, म्हणजेच सिद्धरामेश्वरांचे, सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात, सनई आणि हलगी एकाच वेळी कानावर पडतात, आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा पुकारा होतो. त्या पुकाऱ्यात प्रत्येक माणसाचा सा वेगळा असतो आणि तरी तो एकच पुकारा असतो. ज्या सिद्धरामेश्वरांसाठी हे चाललेलं असतं त्यांची वचनं कन्नडमध्ये, पुकारा मराठीत, आणि गर्दीतल्या बायका आपसात तेलुगू बोलत असतात. तिन्ही भाषांचे हेल वेगळे. माझ्या दोन चाली या गर्दीतल्या कन्नड हेलावर उभ्या आहेत. गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवाले होते. १९११च्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाला त्यांनी चाली दिल्या तेव्हा उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांनी भरलेला कान त्यांच्याजवळ होता. पेटीवाल्याने चाली लावू नयेत, असं कुणी म्हणालं तर हे नाव सांगा. आणि आपला कान कशाने भरला आहे, ते त्याच रात्री तपासा.

कार्यक्रमाआधी दोन गोष्टी न चुकता करा. गाणाऱ्याला पट्टी विचारा, आणि ‘मधे चढवणार का’ हेही विचारा. तिथली पेटी असेल तर आधी सगळे सूर एकदा दाबून बघा, मुका सूर नेमका पंचमाचा निघतो. मानधनाचं आधीच बोलून घ्या, त्यात लाज नाही.

गेल्या अश्विनात अम्माला म्हटलं, तुझी गाणी फोनमध्ये भरून घेते, मी मागे सा धरते. तिने आता विड्या सोडल्या आहेत, बोटं वाकत नाहीत. तिने सूर लावला. मी पेटीवर शोधला. पांढरी पाचला तो जास्त होता, काळी चारला कमी. तिला म्हटलं, थोडं वर घे. ती घ्यायची, आणि दुसऱ्या ओळीला पुन्हा आपल्या जागी यायची. तीन वेळा झालं. चौथ्या वेळी मी भाता मिटला आणि तंबोरा काढला. मिरजेचाच आहे, दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला. तिथल्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्या पंढरपूरकडच्या शेतांतून जातात, हे सांगितल्यावर अम्माने त्यावरून हात फिरवला होता. ती गात राहिली आणि मी जोडाच्या, म्हणजे साच्या, तारा थोड्या थोड्या उतरवत, मणी सरकवत तिच्या सुरापर्यंत आणल्या. लागायला वीस मिनिटं गेली. तोवर तिची दोन गाणी संपून तिसरं सुरू झालं होतं.