कारखाना बंद झाल्यावर निवृत्तिलाभांचा वाद लवादाकडे नेताना

कारखाना बंद झाला की कामगारांपुढे ‘फुल अँड फायनल’चा, म्हणजे अखेरच्या हिशेबाचा, कागद येतो. त्यातील आकडा कामगार संघटनेकडून तपासून घेतल्याशिवाय सही करू नये. पैशांची निकड असेल, तर ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली’ असे स्वतः लिहून सही करावी आणि प्रत जपून ठेवावी.

त्यानंतर मागण्या वेगळ्या कराव्यात. भविष्य निर्वाह निधी आणि कायद्यानुसारची ग्रॅच्युइटी यांसाठी स्वतंत्र प्राधिकारी आहेत, म्हणून त्या लवादात, म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून नेमलेल्या त्रयस्थाच्या निवाड्यात, गुंतवू नयेत. लवादापुढे न्यायचे ते संघटना आणि कंपनी यांच्यातील वेतन-करारातून मिळालेले लाभ: जादा दराची ग्रॅच्युइटी, निवृत्तांचा वैद्यकीय विमा, कंपनीची स्वतःची पेन्शन. समजा, ग्रॅच्युइटीसाठीचे मासिक वेतन २६,००० रुपये आणि सेवा २० वर्षे आहे. कायद्याच्या दराने, म्हणजे वर्षाला १५ दिवसांप्रमाणे (महिन्याचे २६ दिवस धरून), ३,००,००० रुपये होतात. करारात २१ दिवस असतील, तर ४,२०,००० रुपये. खरा वाद या १,२०,००० रुपयांचा असतो.

‘कराराची मुदत संपली होती’ असे कंपनी बहुधा म्हणते. या युक्तिवादाने खचू नये. मुदत संपली तरी रीतसर नोटीस देऊन करार संपुष्टात आणेपर्यंत तो बंधनकारक राहतो. आणि आयुर्विमा महामंडळाच्या १९८० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन, नवा करार, निवाडा किंवा कायदा त्याची जागा घेईपर्यंत जुन्या अटी चालू राहतात, असे म्हटले आहे. म्हणून जुने सगळे करार, नोटिसा आणि पगारपत्रके आधी गोळा करावीत.

पूर्वी लवादाचा हा मार्ग औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम १०-क मध्ये होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तो कलम ४२ मध्ये आहे. दोन्ही पक्षांनी लेखी लवाद-करार करून सह्या कराव्या लागतात आणि त्याची प्रत शासनाला व समेट अधिकाऱ्याला द्यावी लागते. लवाद समसंख्येने असतील, तर मतभेदाच्या वेळी निर्णय देणारी आणखी एक व्यक्ती करारातच नेमावी. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील करनालच्या चामडे कामगारांच्या खटल्यात, जुन्या कायद्याखाली लवाद-करार राजपत्रात प्रसिद्ध होणे अनिवार्य आहे, असा निर्णय दिला होता. नव्या संहितेखालीही शासनाकडील पाठपुरावा संघटनेने स्वतः करावा.

सर्वाधिक काळजी लवादाला विचारायच्या प्रश्नाच्या शब्दांची घ्यावी, कारण लवादाचा अधिकार त्या शब्दांपुरताच असतो. ‘कामगारांना निवृत्तिलाभ मिळावेत का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या कराराचे कोणते कलम, कोणत्या तारखेला सेवेत असलेले कामगार, आधीच निवृत्त झालेले आणि मृत कामगारांचे वारस त्यात येतात का, व्याज किती व कधीपासून, हे सारे त्यात स्पष्ट लिहावे.

कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला, तर स्थगिती लागून लवादाचे काम थांबते. तेव्हा प्रत्येक कामगाराचा दावा हिशेबासह, त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे मुदतीत नोंदवावा.